पालकांना घेऊन या!

'उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसायचं नाही.' लालबाग-परळपासून गिरगावपर्यंतच्या शाळांत हे वाक्य रोज कुठे ना कुठे उच्चारले जाते. मुलगा एका जागी बसत नाही, शेजारच्याच्या वहीत रेघोट्या मारतो, फळ्यावरचे उतरवताना 'म'चा 'भ' करतो, मधल्या सुट्टीत मारामारी करतो. कॅलेंडरात लाल शेरा पडतो. बाप खाडा करून शाळेत येतो. दिवसाचा पगार बुडवून तो शिक्षकखोलीच्या दाराबाहेर हात जोडून उभा राहतो आणि त्याला ठरलेले चार शब्द ऐकवले जातात: मस्तीखोर आहे, लक्ष नसतं, घरी लाड फार होतात, असंच चाललं तर वर्ष जाईल. बाप मान डोलावतो, घरी जातो आणि पट्टा काढतो. दुसऱ्या दिवशी पोरगा गप्प बसतो. बाई खूश, मुख्याध्यापक खूश, बापालाही कर्तव्य पार पाडल्याचे समाधान. या पोराला होतंय तरी काय, एवढा साधा प्रश्न या सगळ्यांतल्या एकालाही चुकून पडत नाही.

आज आम्हीही पालकांना बोलावतो आहोत. त्या खाडा केलेल्या बापाला नव्हे, त्याची पाळी नंतर येईल. आम्ही बोलावतो आहोत या शहरातल्या मुलांच्या कागदोपत्री पालकांना. २०२५-२६ सालासाठी ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडून छाती फुगवणारी मुंबई महापालिका यावी. मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग यावा, सार्वजनिक आरोग्य विभाग यावा. अमृतमहोत्सवाचे फ्लेक्स लावणारे संस्थाचालकही यावेत. रांगेने, शिक्षकखोलीच्या दाराबाहेर. लाल शेरा त्यांच्या कॅलेंडरात मारायचा आहे.

अज्ञानाची सबब तर या शहराने सांगूच नये. १९०९ साली शिकागोत विल्यम हीली नावाच्या डॉक्टराने न्यायालयापुढे उभ्या केल्या जाणाऱ्या 'बिघडलेल्या' पोरांची मने तपासायला घेतली आणि बालमार्गदर्शनाचे काम सुरू झाले. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, गरीब ज्यूंच्या वस्तीत, तसे केंद्र १९२७ मध्ये निघाले. आणि मुंबईत? अवघ्या दहा वर्षांनी! क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू केले आणि पुढच्याच वर्षी त्या विद्यालयाने भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. हेच विद्यालय पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आले. त्याच १९३६ मध्ये ताराबाई मोडकांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला आणि छडीवाचून मूल शिकते, उलट अधिक चांगले शिकते, हे मुंबईच्या मध्यमवर्गाला डोळ्यांनी पाहायला लावले. १९३८ मध्ये डॉ. मसानींनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला. म्हणजे मनाच्या दुखण्यासाठी ठाण्याच्या मनोरुग्णालयाची भिंत ओलांडायची गरज उरली नाही. जिथे खोकल्याचे औषध मिळते तिथेच मनाचेही मिळू लागले. परळला तर १९२६ पासून केईएम आणि १९२९ पासून केवळ मुलांसाठी बांधलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभे होतेच. नागपाडा ते हिंदू कॉलनी एवढ्या टापूत, इंग्रज असताना, गिरण्यांचे भोंगे वाजत असताना, देशातले सर्वांत पुढारलेले बालमानसशास्त्र नांदत होते.

मग नव्वदेक वर्षे हे शहर काय करत होते? संस्था मोठ्या झाल्या, परिषदा झाल्या, प्रबंध छापले गेले, पण नागपाड्याला जे कळले होते ते नागपाड्याच्याच महापालिका शाळेच्या फाटकातून आत शिरले नाही. आणि जे आपल्याकडे होते ते तरी आपण धड जपले काय? २०२० च्या जानेवारीत वाडिया रुग्णालय पैशांवाचून बंद पडायला आले होते. महापालिका आणि राज्य सरकार अनुदानावरून एकमेकांकडे बोट दाखवत बसले, कर्मचारी रस्त्यावर उतरले, आणि अखेर उच्च न्यायालयाला विचारावे लागले की पुतळ्यांना पैसा आहे आणि लोकांच्या आरोग्याला नाही, हे काय चालले आहे? पैसा मग सुटला. कान उपटल्यावर सुटला! ज्या सरकारला मुलांच्या मोडक्या हाडांच्या आणि फुफ्फुसांच्या इस्पितळाला टाळे लागायची वेळ आलेली पाहवते, ते त्यांच्या मनाची काय मातबरी ठेवणार?

आता त्या मुलाकडे वळू. जो एका जागी बसत नाही तो मस्तीखोरच असेल असे नाही. अतिचंचलता आणि एकाग्रतेचा अभाव हा मेंदूच्या वाढीतला दोष आहे, त्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात आणि जगभरच्या पाहण्यांत तो शंभरातल्या पाचेक मुलांत सापडतो. साठ पोरांच्या वर्गात तीन! तो संस्कारांनी येत नाही आणि पट्ट्याने जात नाही. ओळखायचा कसा, याचे नियम जगजाहीर आहेत: लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असतात, सहा महिन्यांहून अधिक टिकतात आणि एकाच ठिकाणी नव्हे तर घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात. फक्त गणिताच्या तासालाच चुळबुळ करणारा मुलगा आजारी नसतो, कदाचित गणिताचा तासच आजारी असतो. उपायही गूढ नाहीत. आईवडिलांना वागणुकीचे प्रशिक्षण, पुढच्या बाकावरची जागा, मोठ्या कामाचे लहान तुकडे, चांगले वागला की तिथल्या तिथे शाबासकी आणि गरज पडली तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध. औषधाचे नाव काढले की आमचे पालक दचकतात, 'गोळ्यांनी पोर मंद होतं' म्हणतात. आणि हेच पालक परीक्षेच्या तोंडावर केमिस्टकडून स्मरणशक्तीच्या सिरपच्या बाटल्या मुकाट विकत आणतात!

उदासी तर आम्ही मुलांच्या नावावर लिहायलाच तयार नाही. 'एवढ्याशा पोराला कसलं टेन्शन?' हे वाक्य ज्यात एकदाही उच्चारले गेले नाही असे घर दाखवा. लहान मूल मोठ्यांसारखे कोपऱ्यात बसून रडत नाही. ते चिडचिड करते, तोडून बोलते, सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखते, सोनोग्राफीत काही निघत नाही, आणि डॉक्टर 'नाटक आहे' म्हणून मोकळे होतात. झोप उडते किंवा उठवत नाही. क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते. मित्र तुटतात. आवडीची वस्तू कुणाला तरी देऊन टाकली जाते. 'मी नसतो तर बरं झालं असतं,' असे एखादे वाक्य जेवताना सहज निसटते आणि आई म्हणते, नाटकं करू नकोस, जेव. असे दोन आठवडे चालले तर डॉक्टर गाठायचा, हा साधा हिशेब आहे, आणि ते शेवटचे वाक्य कानावर आले तर दोन आठवडेही थांबायचे नाही, त्याच दिवशी निघायचे. त्याला सरळ विचारावे, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ते मनात भरत नाही. उलट आत कोंडलेले बाहेर यायला वाट मिळते. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, फुकट आहे. मुलांसाठीचा १०९८ सुद्धा आहे. तो १९९६ मध्ये याच टाटा संस्थेतून, याच मुंबईतून निघाला. हे दोन आकडे गणिताच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापायला कोणाच्या तीर्थरूपांची परवानगी लागते?

आणि मुलगी असेल तर? तिचा शेरा 'शांत आणि समजूतदार' असा असतो. ती खिडकीबाहेर पाहत बसते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचेही लक्ष विस्कटलेले असू शकते हे कुणाच्या गावीही नसते. बाह्या कायम मनगटापर्यंत ओढलेल्या असतात, का ते कुणी पाहत नाही. घरी धाकट्याला सांभाळते, भांडी घासते, म्हणजे शहाणीच की! मुलगा बाक तोडतो म्हणून निदान मुख्याध्यापकाच्या नजरेला तरी पडतो. मुलगी स्वतःलाच तोडत असते आणि शाळा तिला आदर्श विद्यार्थिनीचे प्रमाणपत्र देते.

यातही या शहराने जातपात सोडलेली नाही. लिहिण्या-वाचण्यातल्या अध्ययन अक्षमतेला महाराष्ट्राने १९९६ मध्ये परीक्षेत सवलती दिल्या, जादा वेळ दिला, लेखनिक दिला. देशात असे करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यासाठी जीव तोडून काम केले. त्यांना आमचा नमस्कार. पण त्या सवलती कोणाच्या पदरात पडल्या? चाचण्या बहुतांशी इंग्रजीत, त्यांची माहिती इंग्रजी माध्यमाच्या पालकांना, खासगी तपासणीचे पैसेही त्यांनाच परवडणारे. शिवाजी पार्कच्या फ्लॅटमधला मुलगा 'डिस्लेक्सिक' ठरला, भोईवाड्याच्या चाळीतला तसाच मुलगा 'ढ' ठरला. एकाला पंचवीस टक्के जादा वेळ मिळाला, दुसऱ्याला आठवीतून दाखला. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतसुद्धा डिस्लेक्सियाची चाचणी तयार करून दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता एकवीस अपंगत्वांच्या यादीत घातली. म्हणजे आता साधनही मराठीत आहे आणि हक्कही लेखी आहे. ती चाचणी महापालिकेच्या किती मराठी शाळांच्या कपाटात आहे, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी सांगावे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी सांगावे!

आकडे हवेत? घ्या. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशाच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली. तेरा ते सतरा वयाच्या शंभरातल्या सातांहून अधिक मुलांना मानसिक आजार होता, आणि महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के निघाले, खेड्यांच्या जवळजवळ दुप्पट. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता! मुंबईसारखी महानगरी ज्या राज्यात आहे त्या राज्याने आपल्या पोरांच्या मनाची मोजदाद करून घेतली नाही. पण मोजदाद दुसरीकडे होतच होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वहीत २०२१ साली देशातल्या १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या १,८३४. पुढच्या वर्षी १३,०४४ पैकी १,७६४. दोन्ही वर्षी देशात पहिला क्रमांक आपला. विद्यार्थ्याच्या मनाची नोंद या राज्यात आरोग्य खाते घेत नाही, पोलीस खाते घेते. तीही पंचनाम्यात.

जुनी आठवण असलेल्यांना २०१० चा जानेवारी आठवत असेल. शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या आत्महत्यांनी मुंबई हादरली, त्यात दादरचा एक शाळकरी मुलगाही होता. मग काय झाले? एका हिंदी चित्रपटावर खापर फुटले. वृत्तपत्रांनी कोवळ्या पोरांचे फोटो आणि बारीकसारीक तपशील पहिल्या पानावर छापून बाकीच्या कोवळ्या पोरांना वाट दाखवली. महिनाभर प्रत्येक वाहिनीवर तज्ज्ञ आले. मार्चमध्ये परीक्षा लागल्या आणि सगळे शांत झाले. एका मुलाच्या मृत्यूमागे एक कारण कधीच नसते, हे कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाला विचारा. पण कारणांची गुंतागुंत सोडवायला शाळेत एक शहाणा माणूस बसवावा लागतो. चित्रपटाला शिव्या द्यायला कोणी बसवावा लागत नाही.

गिरणगावाला ही हेळसांड नवी नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक परत कामावर असे गेलेच नाहीत. भांडी विकली गेली, बाप दारूत गेला, आई पापड लाटायला बसली, शाळा सुटल्या. त्या घराघरांत जे मूल सातवी-आठवीत होते त्याने काय सोसले, याची नोंद कोणी ठेवली? एका खात्याने ठेवली, गुन्हे शाखेने! टोळ्यांत गेलेल्या पोरांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्यापैकी कोणी चौदाव्या वर्षी एखाद्या समुपदेशकापुढे बसला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण त्या वयात त्यांना बालसुधारगृह दाखवतो.

आणि खेळायला जागा? १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी शहराला द्यायचे ठरवले होते. २००१ मध्ये नियमाचे कलम असे काही वाकवले गेले की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते चालवून घेतले. ज्या जागेवर लालबाग-परळची पोरे दमेपर्यंत धावली असती तिथे मॉल उभे राहिले. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे, जिन्याखाली अभ्यास, गॅलरीत झोप, बाहेर पार्किंग. आणि मग आम्हीच कपाळाला हात लावतो की पोरगा मोबाइल सोडत नाही! सोडून जाईल कुठे? मॉलच्या सिक्युरिटीला विचारून जाईल?

दादर स्टेशनच्या पुलावरून उतरा आणि वर पाहा. क्लासच्या पाट्यांनी आकाश झाकले आहे. सातवीपासून 'फाउंडेशन', आठवीपासून 'टार्गेट बॅच'. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये. पाट्या जागच्या जागी आहेत. गुणांनुसार बॅचेस पाडून शेवटच्या बॅचला रोज तिची जागा दाखवून देण्याचा उद्योग जागच्या जागी आहे. फी घेताना पालकांना जे वचन दिले जाते ते पूर्ण करण्याचे ओझे मात्र चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीवर.

आता त्या बापाची पाळी. आणि आईचीही. 'आम्ही मार खाऊनच मोठे झालो,' असे आपण म्हणता. झालात खरे, पण कसे झालात ते आपल्या बायकोला विचारा, रात्री अडीचला दचकून उठता तेव्हाच्या आपल्या हातांना विचारा. मुलगा फिट आल्यासारखा ओरडतो म्हणून त्याला बाबाच्या दरबारात नेता, ताईत बांधता, लिंबू उतरवता. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणे हा या राज्यात गुन्हा आहे. तो कायदा व्हावा म्हणून आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ मध्ये गोळ्या खाव्या लागल्या, आणि मगच सरकारला जाग आली. शेजारणीला कळेल म्हणून आपण केईएमच्या मनोविकार ओपीडीत जात नाही. गेलो तर केसपेपरवर त्या विभागाचे नाव पाहून तो घडी घालून पर्समध्ये लपवतो. मधुमेहाची फाईल हातात मिरवणारी माणसे आपण! एवढे मात्र कबूल केले पाहिजे की ओपीडी सकाळची, रांग पहाटेची, आणि चार वेळा यायला सांगितले तर चार खाडे. पोटावर पाय देऊन उपचार घ्या, असे रोजंदारीवरच्या आईला कोण सांगणार? परळच्या पालिका रुग्णालयांत मुलांच्या मनाची ओपीडी संध्याकाळी पाच ते आठ चालवली तर आकाश कोसळेल काय?

शिक्षकांवर आम्ही तुटून पडावे अशी काहींची अपेक्षा असेल. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे. तरी जो शिक्षक पट्टी उगारतो, वर्गासमोर 'ढ' म्हणतो, त्याच्यावर खुशाल तुटून पडू. पण साठ पोरे, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आणि वर मनाची तपासणीही बाईंनीच करायची? बाईंनी ओळखावे एवढेच म्हणणे रास्त आहे. ओळखल्यावर त्या मुलाला ज्याच्या हाती द्यायचे तो माणूस शाळेत हवा. समुपदेशकाचे पद मागायला गेलेल्या अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाला संचमान्यतेचा, म्हणजे मंजूर पदांचा, तक्ता दाखवला जातो. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक बंधनकारक, मराठी शाळेला तक्ता!

आणि हे सारे कोविडनंतर! आठवा, मुंबईतली रेस्टॉरंटे आणि बार २०२० च्या ऑक्टोबरात उघडले. पहिली ते सातवीच्या शाळांची घंटा वाजली २०२१ च्या डिसेंबरात. चौदा महिन्यांचे अंतर! ज्यांनी हा क्रम ठरवला त्यांनी त्या चौदा महिन्यांत खोलीत कोंडलेल्या, एका मोबाइलवर तीन भावंडांनी शिकलेल्या मुलांच्या मनाचे काय झाले हे शोधायला एक तरी पथक नेमायला हवे होते. त्या पिढीतली पहिलीतली मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. 'हल्लीची पोरं ऐकतच नाहीत' अशी त्यांच्याबद्दल तक्रार आहे. ज्यांना बोलायला कोणी नव्हते त्यांनी ऐकायला शिकायचे कुठे?

कायद्याची वाण या देशाला कधी पडली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क देतो, त्यात मूलही आले. अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि त्याच्यासोबत घरचे माणूस राहिले पाहिजे, असेही सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून मुलांच्या वाढीतले दोष शोधायची भाषा करतो. आणि २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने, विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरच्या शिक्षणसंस्थांना पंधरा सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. गुणांवरून बॅचेस पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे शक्यतो बंद. सरकार कायदा करीपर्यंत या सूचना कायद्यासारख्याच पाळायच्या आहेत. 'आम्हाला कळले नव्हते' हे म्हणायची सोय आता उरली नाही.

'माणसे कुठून आणायची?' असे प्रशासन विचारील. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, हे खरे आहे. पण प्रत्येक शाळेत मनोविकारतज्ज्ञ बसवा असे न्यायालय म्हणाले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. निर्मला निकेतनमधून, टाटा संस्थेतून, विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले-मुली एचआरच्या नोकऱ्या शोधत हिंडतात. एका समुपदेशकाकडे जवळच्या दोन शाळा द्या. त्याच्यामागे केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांचे मनोविकार विभाग उभे करा; परळचा मुलगा तिथे पाठवायचा तर रस्ता ओलांडायचा आहे, समुद्र नव्हे. लोअर परळला २००१ पासून उम्मीदसारखे बालविकास केंद्र हेच काम करते आहे. त्यांना विचारा कसे करायचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे मानसमित्र खेड्यापाड्यांत माणसे घडवतात, तर ७४ हजार कोटींच्या महापालिकेला काय धाड भरली आहे? गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या दहा दिवस सोडून वर्षभर कॅरम खेळायला उपयोगी पडतात. त्यातल्या काहींत अभ्यासिका चालतात, त्यांच्या शेजारी एक टेबल समुपदेशकाचेही लागू शकते. मंडळे नाही म्हणणार नाहीत. लालबागच्या माणसाला आपण कधी काही धड मागितलेच नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाच्या सहीने शहर चालले. तेव्हा 'सभागृह नाही' ही सबब चालली असेल, आता चालणार नाही. आमची मागणी लेखी आहे आणि ती एका कागदावर मावते. डी, ई, एफ-दक्षिण, एफ-उत्तर, जी-दक्षिण आणि जी-उत्तर या सहा वॉर्डांतल्या शंभरावर विद्यार्थी असलेल्या प्रत्येक महापालिका, अनुदानित आणि खासगी शाळेचे नाव एका रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात त्या शाळेतल्या समुपदेशकाची पात्रता आणि तो आठवड्यातून किती तास शाळेत बसतो ते लिहा. तिसऱ्या रकान्यात गेल्या शैक्षणिक वर्षात त्या शाळेने किती मुले रुग्णालयाकडे पाठवली तो आकडा. नावे नकोत, आकडा पुरे. शाळा तीस दिवसांत हे भरू शकतात. पटपडताळणीच्या वेळी तीन दिवसांत भरून देतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ही यादी शिक्षणाधिकाऱ्यांनी सहीनिशी आमच्याकडे पाठवावी. पहिल्या पानावर जागा राखून ठेवली आहे. दुसरा रकाना कोरा आला तर तो आम्ही कोराच छापू, आणि त्याखाली सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा ठळक टायपात.